ड्रॉवरमधली थंडी

खानापुरात थंडी आधी माझ्या कटलरी दुकानात येते.
मलप्रभेवरचं धुकं अजून पुलाखालून निघालेलं नसतं,
आणि कोण तरी काउंटरवर बोट टेकवून
खालचा ओठ पुढं काढून दाखवतंय.
बोलत नाही. बोललं की चिरतंय.
मी न विचारता पिवळी डबी देतो.
(देतोच म्हणतो आम्ही इकडच्या बायका.
पुण्याची वहिनी अजून हसते. हसू दे,
डिसेंबरात तिचेही फुटतात.)

रुद्रव्वा म्हणते तुटी, मी म्हणतो ओठ.
डबी एकच, पंधरा रुपयांची,
आणि सुट्टे दोघींकडंही नसतात.

कौलांच्या भट्टीवरच्या पोरी ग्लिसरीन नेतात.
निम्मं गुलाबपाणी घालून मीच बाटली हलवून देतो.
पेरांत माती अशी बसलेली
की आधी हात धुवा म्हणायची लाज वाटते.

कॉलेजच्या पोरींना लिपस्टिक पाहिजे, तीही मॅट.
मी सांगतो, बाई, आधी तूप लाव,
पाच मिनिटं थांब, मग रंग,
न्हाईतर दुपारपर्यंत ओठ
आटलेल्या तळ्यागत दिसतील.
पाच मिनिटं कुणाला असतात?
फिलोमिना टीचर तेवढी थांबते.
तिचा विटकरी रंग मी वेगळा काढून ठेवतो,
नाताळाच्या आठवड्यात शेवटची कांडी तिची.

काजळ थंडीत पसरत नाही, एवढा एक फायदा.
पावडरीचं मात्र बघवत नाही:
लग्नाच्या फोटोत नवरी
चुना दिलेल्या भिंतीगत.

मग येतो हुबळीचा एजंट, इरण्णा,
मफलरातून नाक तेवढं बाहेर, नमुन्यांची सुटकेस.
विचारतो, मॅडम, तुम्ही स्वतः काय वापरता?
आणि मी त्याच्याच कंपनीचं नाव घेतो.

माझं ते खालच्या ड्रॉवरमध्ये आहे.
कुलूप नाही, खरं कोण उघडत नाही.
कणकुंबीची लाडूबाई दर दिवाळीनंतर आणते
मुठेल. कोकमाच्या बिया उकळून, थिजवून,
मुठीत दाबलेलं, तिच्या चार बोटांचे ठसे असलेलं.
गॅसवर पळीत वितळवायचं, टाचेत भरायचं,
मोजे घालून झोपायचं.
अंथरुणाला आठवडाभर धुराचा वास.
सकाळी चालताना टाच चादरीगत फाटत नाही.
त्या ठशांत माझी बोटं बसत नाहीत,
बाई बारकी आहे.
तरी मी धरतो तिथंच.

गेल्या साली इरण्णानं एक नाइट क्रीम फुकट ठेवलं.
निळं झाकण, डबी अंगठ्याएवढी.
आठ दिवस मी तिच्याकडं बघितलं न्हाई.
नवव्या रात्री, मिस्टर घोरायला लागल्यावर, लावलं.
काय सांगू.
सकाळी आरशात माझा गाल
जरा थांबून माझ्याकडं बघत होता.

तेव्हापासून लाडूबाई पायरीवर चहा पिते
तोवर मी निळी डबी उधारीच्या वहीमागं सरकवतो,
आणि इरण्णाची गाडी दिसली
की मुठेलाच्या वासावर उदबत्ती लावतो.
बावन्न वर्षांची बाई, दोन घरं सांभाळल्यागत.

काल सरकवायला विसरलो.
लाडूबाईनं झाकण काढलं, हुंगलं,
हाताच्या पाठीवर, चटक्याच्या जुन्या डागाभोवती,
एक बोट गोल फिरवलं.
"कितीला ह्ये?"
"अडीचशे."
ती हसली, आणि हसता हसता ओठ चिरला,
बारीक लाल ठिपका.
मी पिवळी डबी पुढं केली. पैसे नको म्हटलं.
"लिहून ठेव," म्हणाली,
आणि पदरानं ओठ टिपत
कणकुंबीच्या बसकडं पळाली.

वही उघडली तर काय लिहायचं कळेना.
निळ्या झाकणावर तिच्या बोटाचं
तेलकट ठसं उठलेलं होतं.
ते मी पुसलं न्हाई.